टोमॅटोच्या तारेवरून आलेला वायफाय

आमच्या मळ्यात मोबाईलला रेंज एकाच जागी येते. घरापासून थोडं पुढं विहीर आहे, आणि ती खोदताना निघालेल्या मुरमाचा ढिगारा काठावर अजून तसाच पडून आहे. त्या ढिगाऱ्यावर चढून लेण्याद्रीच्या डोंगराकडं तोंड केलं की फोन लागतो, पाठ फिरवली की तुटतो. घर खोलात आहे. तीन बाजूंनी ऊस, चौथ्या बाजूला टोमॅटोचा प्लॉट आणि प्लॉटाच्या पलीकडं रस्ता. घर बांधलं तेव्हा वारा लागू नये म्हणून मी खोलातली जागा मुद्दाम धरली. पुढं मोबाईल येणार आहे हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी चौथीपर्यंत शिकलो. त्यापुढचं सगळं पाण्यावर आणि मार्केटात शिकलो. पण लिहिता येतं, आणि ही गोष्ट आपण स्वतःच लिहायची असं मी ठरवलं, कारण माझी मेहुणी ती ज्याला त्याला तिच्या पद्धतीनं सांगत सुटली आहे.

माझ्या बायकोला ही एकच बहीण, धाकटी. माहेरचं दुसरं कुणी आता राहिलेलं नाही. ती अवसरी खुर्दला दिलेली. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन लांब गेली, आणि एवढ्या मोठ्या घरात ही बाई एकटी. दुसरी कुणी असती तर भिंतीकडं तोंड करून बसली असती. हिनं वरच्या खोल्या झाडल्या, चुना मारला आणि तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणाऱ्या पोरींना भाड्यानं दिल्या. त्यांचे डबेही तीच करते. कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतल्या पोरी तिला मावशी म्हणतात आणि तिला भितातही. मी तिच्या तोंडावर कधी म्हणालो नाही, पण आमच्या दोन्ही घराण्यांत मिळून तिच्याएवढं धीराचं माणूस मी पाहिलेलं नाही.

पूर्वी या दोघी बहिणी चतुर्थीला लेण्याद्रीला भेटायच्या. पायऱ्या चढताना बोलायच्या, उतरताना बोलायच्या, गणपतीपुढं काय तेवढ्या गप्प. पुढं दोघींचे गुडघे गेले आणि ते थांबलं. मग सगळं फोनवर आलं. रोज दिवेलागणीला बायको देवापुढं दिवा लावायची, डोक्यावरून पदर घ्यायची आणि ढिगाऱ्यावर जाऊन उभी राहायची. उभ्यानंच बोलायची. आज भाजी कशाची केली, गाय आटली का, कुठली पोर पास झाली, पाय कुठं दुखतो. मी ओसरीवर बसून तिचा अंधारात जाणारा पदर बघायचो. ती परत आली की जेवायचो.

मग वाघ आला. आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात. उसात तो पहिल्यापासून आहे, आम्हीही आहोत, एकमेकांची सवय आहे. पण त्या खेपेला त्यानं भावकीतल्या शेजाऱ्याची शेळी नेली ती बरोबर आमच्या ढिगाऱ्याजवळून, आणि तीही दिवेलागणीलाच. सकाळी मी जाऊन पाहिलं तर जिथं बायको उभी राहते तिथं मुरमावर पंजा उमटलेला. मी घरी येऊन सांगितलं, “आजपासून सांजचं ढिगाऱ्यावर जायचं न्हाई.”

ती “बरं” म्हणाली. एवढंच. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

दुपारी उजेडात ढिगाऱ्यावर जाऊन बोलून बघितलं तिनं. पण दुपारी मेहुणीचे डबे भरायचे असतात, हिला गोठा असतो. दोन शब्द बोलून ठेवायच्या. दुपारचं बोलणं कामाचं असतं, त्यात मन येत नाही. संध्याकाळी दिवा लावून झाला की बायको फोन मांडीवर घेऊन चुलीपाशी बसायची. लागत नाही हे ठाऊक असूनही हातात धरायची. जेवताना एकदा मीठ विसरली, एकदा ताटच वाढायचं विसरली.

कांद्याची लागण उरकल्यावर मी तिला अवसरीला घेऊन गेलो. एकदा पोटभर बोलून घेऊ दे म्हटलं. आम्ही चहा घेत होतो तेव्हा मेहुणीला तिच्या मुलीचा फोन आला. भाकरी थापायची न थांबता तिनं फोन पिठाच्या डब्याला टेकून उभा केला. त्यात मुलगी दिसायला लागली, नातवंडं दिसायला लागली. ही इकडं भाकरी टाकतेय, तिकडं नातू दात दाखवतोय. आवाज असा, की मुलगी शेजारच्या खोलीत असावी. मी बघतच राहिलो. फोन झाल्यावर विचारलं, “कुठल्या कंपनीचा पॅक हाय?”

“पॅक न्हाईच, दाजी. परवाच सोडला.”

“सोडला म्हंजे?”

“म्हंजे रिचार्ज मारतच न्हाई. पोरींसाठी वायफाय घेतला, त्याच्यावर फोन बी चालतो. बोलणं चालतं, तोंड दिसतं. मग त्या रिचार्जची भर कशाला करू?”

“अन् घराबाहेर पडलीस मंग?”

“घराबाहेर मी भाजी आणाया जाते. भाजीवाल्याशी तोंडानं बोलते.”

मी म्हणालो, “मला तसं जमत न्हाई. माझा नंबर टोमॅटोच्या कॅरेटवर रंगवलाय. नारायणगावच्या मार्केटात कुनालाबी विचार, नंबर पाठ हाय लोकांच्या.”

“नंबर हाय वो, पर रेंज कुठाय? दाजी, तुमचा फोन म्हंजे दावणीचा म्हातारा बैल. म्हैना भरला की म्होरं वैरण टाकायची, अन् कामाला जुपला की बसतोय मटकन खाली.”

वर जिन्यात उभ्या असलेल्या पोरी हसल्या. माझी बायकोही हसली. कितीतरी दिवसांनी हसली, म्हणून मी ते मेहुणीला माफ केलं. पण राग आलाच. ती लागेल असं बोलली याचा नाही, बरोबर बोलली याचा.

परत येताना नारायणगावच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसलो होतो. बायको खिडकीबाहेर बघत होती. तिकडंच बघत ती म्हणाली, “तिचा फोन चुलीपाशी लागतो.”

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर मी ढिगाऱ्यावर चढलो आणि पोराला फोन लावला. तो चाकणच्या एका कंपनीत आहे, बायकोपोरांसह तिकडंच राहतो. वायफायसाठी तो कधीपासून मागं लागला होता आणि मी त्याला दरवेळी उडवून लावत होतो. तो म्हणाला, “तात्या, मी सांगितलं तवा तुमी म्हणलात, घरात साप घेईन पर वायर घेनार न्हाई.”

“म्हणलो व्हतो. आता घ्यायचं म्हणतोय. माणूस बोलव.”

वायफायवाला आला मोटारसायकलवर, मागं शिडी बांधून. रस्त्याच्या खांबावर त्याची वायर होती. तिथून घरापर्यंत आणायची म्हणजे मधे सगळा टोमॅटोचा प्लॉट. तो कमरेवर हात ठेवून बघत राहिला. “बाबा, खांब रोवावं लागतील. न्हाईतर जमिनीतून पाईप. थोडं दिवस जातील.”

“दिवस न्हाई. आज.”

“आज कसं व्हईल?”

मी प्लॉटाकडं हात केला. आमच्याकडं टोमॅटोचं झाड जमिनीवर लोळू देत नाहीत. सरीसरीला काठ्या रोवतात, काठ्यांवर तार ताणतात आणि सुतळीनं फांद्या त्या तारेला बांधून वर घेतात. माझ्या काठ्या रस्त्यापासून थेट अंगणापर्यंत उभ्या होत्या आणि वर तार ताणलेली, वाजवली तर वाजेल अशी. “हिच्यावरनं आण,” मी म्हणालो.

“बाबा, ही वायर अशी कोणीच न्हेत न्हाई.”

“कोणी न्हेत न्हाई, म्हणून तर मी न्हेतो. मागल्या साली वादळात सगळ्या शिवारातल्या काठ्या आडव्या झाल्या, माझी एक काठी हालली न्हाई. तुझा खांब काय त्याच्याहून घट्ट हाय?”

त्यानं पुन्हापुन्हा सांगितलं की हे तात्पुरतं आहे. मी म्हटलं, आपण सगळेच तात्पुरते आहोत, तू वायर सोड. ती काळी वायर मी स्वतः तारेवरून अंगणापर्यंत आणली आणि जागोजागी सुतळीनं बांधली. टोमॅटोच्या फांदीला मारतो तीच गाठ, न आवळणारी आणि न सुटणारी. वायरीच्या पोटात काय आहे ते त्यानं टोक सोलून दाखवलं. केसाएवढी काच. त्या काचेतून उजेड जातो आणि उजेडातून बोलणं जातं, असं तो म्हणाला. मी त्याला विचारलं, “पाटाच्या पाण्यासारखं शेवटच्या घराला कमी पोचतं का?” तो हसला. पण मला ते विचारणं भाग होतं. मी सगळा जन्म पाटाच्या शेवटाला काढलाय.

संध्याकाळी दिवा लागला. बायकोनं फोन घेतला, वायफायवाल्यानं दाखवलं होतं तसं बोट ठेवलं आणि सवयीनं उठून उभी राहिली. घरातल्या घरात, लेण्याद्रीच्या बाजूच्या भिंतीकडं तोंड करून. पदर डोक्यावर. तिकडून मेहुणीचा आवाज आला, इतका स्वच्छ की मी दचकलो. “आक्का, उभी का गं? खाली बस की!”

बायको खाली बसली. हळूच, जणू बसली तर तुटेल. तुटलं नाही. मग तिनं मांडी घातली, सूप ओढून घेतलं आणि बोलता बोलता डाळ निवडायला लागली.

त्या दिवसापासून दिवेलागणीला आमची आणि मेहुणीची चूल एक झाली म्हणायला हरकत नाही. तिकडं कुकरची शिट्टी झाली की इकडं ऐकू यायची. पोरी “मावशी, मीठ कुठाय” म्हणून ओरडायच्या आणि माझी बायको इथून सांगायची, “खिडकीतल्या बरणीत बघा गं.” तिला त्या घराची खिडकी न् खिडकी पाठ झाली. मी ओसरीवर बसून ऐकायचो. माणसानं काचेचा केस ओढला आणि त्यातून कुकरची शिट्टी एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात आणली. ज्यानं कुणी हे शोधलं त्याला मी पुढ्यात बसवून पुरणपोळी खाऊ घातली असती. मोट बंद होऊन विहिरीवर मोटर आली तेव्हा माझा बाप मोटरीला हळदकुंकू वाहायचा. मला तेव्हा हसू यायचं. आता मी वायफायच्या त्या डबीवरची धूळ रोज स्वतः पुसतो.

पॅक मी मग बंदच केला. माझाही आणि बायकोचाही. ढिगाऱ्यावर जायचं नाही तर ढिगाऱ्यासाठी रिचार्ज कशाला? पोरगा म्हणाला, “एक तरी चालू ठेवा, तात्या, नंबर जाईल.” मी म्हटलं, धरलं तर पुरतं धरायचं. एक पाय बांधावर अन् एक पाटात, असं मी कधी चाललो नाही. व्यापारी काय, ते वायफायवरच बोलायला लागले. भावकीतल्या शेजाऱ्याला मी त्याच्या दारात जाऊन सांगून आलो की तुझा तो बटणाचा फोन आता म्युझियमला दे.

नंतर प्लॉट संपला. टोमॅटोचा शेवटचा तोडा झाला, तो माल घेऊन मी सकाळीच नारायणगावला गेलो. जाताना रोजानं आलेल्या बायांना सांगितलं, “सगळी सुतळी कापा, तारा गुंडाळा, काठ्या उपटून बांधावर रचा. संध्याकाळपातूर प्लॉटात कायबी उभं दिसलं न्हाई पायजे.”

संध्याकाळी आलो तर रान असं स्वच्छ, की डोळे निवले. काठ्यांची चवड, तारांची भेंडोळी एकावर एक. मी बायांना म्हणालो, “वा! याला म्हणतात काम.”

त्यांच्यातली म्होरकी घाम पुसत म्हणाली, “झालं वो तात्या, पर तुमची एक काळी तार लई चिवट. इळ्यानं तुटंना. शेवटाला कोयता आणला, मंग तुटली.”

मी “बरं बरं” म्हणालो. हातपाय धुतले, चहा प्यायलो. खरं सांगायचं तर काहीच लक्षात आलं नाही. बायकोनं दिवा लावला, फोन घेतला, आणि तेव्हा आतून तिचा आवाज आला, “अवं, डबीवर तांबडा दिवा का लागलाय?”

तेव्हा मला ती काळी तार दिसली. भेंडोळ्यात, इतर तारांबरोबर नीट गुंडाळलेली.

मी आत जाऊन म्हणालो, “उद्या माणूस येईल. उद्या बोल.”

“उद्या न्हाई वो.” ती उभीच होती. “काल मीच तिला सांगितलंय, वाघ परत फिरतोय, वरच्या आळीतलं कुत्रं नेलं म्हनून. आज माझा फोन न्हाई गेला तर ती काय समजंल?”

मी ढिगाऱ्याकडं बघितलं. तिनंही बघितलं. मग ती म्हणाली, “तिथं जाऊन तरी काय करू? पॅक कुठाय?” त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उलट बोललो असतो.

मी काठी घेतली, बॅटरी घेतली आणि शेजाऱ्याकडं निघालो. त्याचं घर उंचावर आहे, तिथं रेंज येते. वाट उसातून जाते. अशा वेळी आमच्याकडं माणसं मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावून चालतात, आवाजानं वाघ बाजूला होतो. बिनपॅकचा फोन तेवढ्या कामाला येतो. माझ्या फोनात पोरानं कधीतरी लावण्या भरून दिल्या आहेत, दुसरं काही नाही. तेव्हा मी लावणी वाजवत, काठी आपटत शेजाऱ्याच्या अंगणात पोचलो.

तो जेवत होता. “तात्या! आज काय बेत हाय?”

“फोन दे.”

“कंचा? म्युझियममधला?”

मी टोमणा गिळला आणि त्याला काय झालं ते सांगितलं. त्यानं हात धुतला आणि फोन दिला. मेहुणीला लावला. एक बाई बोलली की हा नंबर सेवेत नाही. नसणारच, तिनंही पॅक सोडलेला. तिला फोन लावायचा तर तो वायफायवरूनच, आणि ते शेजाऱ्याच्या बटणाच्या फोनात होत नाही. मग माझ्या फोनात बघून पोराचा नंबर लावला, म्हटलं तो तिकडून मावशीला सांगेल. रिंग वाजून वाजून बंद झाली. त्याची दुसरी पाळी असली की फोन लॉकरमध्ये असतो.

शेजारी म्हणाला, “तात्या, तुमी दोघांनीबी पॅक सोडून एकदमच पूल मोडला की वो.”

मी त्याचा फोन त्याच्या हातात दिला. त्यानं कोपऱ्यातली त्याची काठी घेतली आणि मला घरापर्यंत सोडायला आला. वाटेत तोच म्हणाला, “लावा की लावणी, बंद का केली?” असा भाऊबंद आहे तो. बांधावरून आम्ही भांडतो, पण उसात एकटं सोडत नाही.

बायको जेवली नाही. मी जेवलो, कारण नाही जेवलो तर ती आणखी खचेल असं मला वाटलं.

सकाळी मी गोठ्यात होतो. उन्हं पुरती आली नव्हती. प्लॉट मोकळा झाल्यामुळं आता अंगणातून थेट रस्ता दिसतो. दुधाचा टेम्पो थांबला आणि त्यातून कुणीतरी उतरलं. त्या उघड्या रानातून, सरीवरून अडखळत, साडी एका हातानं वर धरून एक बाई सरळ आमच्या घराकडं यायला लागली. वाट सोडून. चालण्यावरून ओळखलं. गुडघा दुखत असला की ती डावीकडं झुकते.

माझी बायको अंगण झाडत होती, पाठ करून. मेहुणीनं तिला लांबून बघितलं आणि ती जागच्या जागी थांबली. मग तिथंच, ढेकळांत, मटकन खाली बसली. मी हाक मारली तेव्हा बायकोनं वळून बघितलं. खराटा टाकला आणि गेली. दोघींनी एकमेकींचे दंड धरले. रडल्या म्हणावं तर तसं नाही. नुसत्या धरून उभ्या.

जवळ आल्यावर मेहुणीचा श्वास ठिकाणावर आला आणि तिची जीभही. “दाजी, वाघानं आक्काला न्हाई न्हेलं. मंग फोन काय वाघानं न्हेला?”

“बायांनी न्हेला. कोयत्यानं.”

मी सगळं सांगितलं. तारेवरून वायर, मीच मारलेल्या गाठी, मीच दिलेला हुकूम. ती हसली. हसता हसता खोकली, पदर तोंडाला लावला आणि तो डोळ्यांवरूनही फिरवला. ती पहिल्या एसटीनं मंचरला आली होती, तिथून जीपनं नारायणगाव, आणि पुढं दुधाच्या टेम्पोवाल्याला दटावून. पोरींचं सकाळचं जेवण मोठ्या पोरीच्या हवाली करून.

मला वाटलं, आता या दोघी दिवसभर बोलतील. पण नाही. दोघी ओसरीवर बसल्या, मधे लसणाची पाटी. एकीनं पाकळ्या मोकळ्या करायच्या, दुसरीनं सोलायच्या. एक शब्द नाही. मी दोनदा चहाच्या निमित्तानं आत जाऊन आलो. गप्पच. फोनवर ज्यांचं बोलणं संपत नाही त्या एकमेकींच्या गुडघ्याला गुडघा लावून मुक्यानं लसूण सोलत होत्या, आणि बायकोचं तोंड असं होतं की कितीतरी दिवसांत मी तसं पाहिलं नव्हतं. वायफायनं मला पुष्कळ दाखवलं, पण हे त्यातून येत नाही. हे मी मान्य करतो, आणि तरी डबीची धूळ पुसतो.

शेजाऱ्यानं सकाळीच फोन केला होता म्हणून वायफायवाला दुपारच्या आत आला. रानाकडं बघून त्यानं मला काही म्हटलं नाही, हा त्याचा मोठेपणा. “आता खांब घालू का, बाबा?”

मेहुणी ओसरीवरून उठली. “खांब न्हाई. जमिनीतून. अन् मला संध्याकाळच्या आत घरी पोचायचंय, पोरींचं जेवण हाय. मी जायच्या आधी ह्यो दिवा हिरवा दिसला पायजे.”

वायफायवाला म्हणाला, चर खणायला माणसं लागतील. मी कुदळ उचलली. बायको म्हणाली, “अवं, तुमचं वय काय?” मी म्हटलं, चर खणायला वय विचारत नाहीत. बांधाच्या कडेनं खणत गेलो. शेजारी आला, त्यानं फावडं घेतलं. ठिबकचा जुना जाड पाईप होता, त्याच्या पोटातून वायर ओवली. मेहुणी पुढं पुढं चालत दगड उचलून बाजूला टाकत होती आणि तोंड चालू. “दाजी, खोल घ्या! पुढल्या सालाला तुमीच नांगर घालाल अन् म्हणाल कुणी तोडली.”

“तू डबे करती का मुकादमकी करती?”

“तुमच्यासारखा गडी असला की मुकादम लागतो!”

वायफायवाल्यानं काचेची दोन टोकं एका छोट्या यंत्रात धरली, आणि ती एकजीव झाली. जोड कुठं आहे ते मला चष्मा लावूनही दिसलं नाही. आत जाऊन बघितलं तर दिवा हिरवा.

मेहुणी निघाली तेव्हा दारात थांबून म्हणाली, “एक पॅक मारून ठेवा, दाजी. अडीनडीला.”

“मी न्हाई मारनार.”

“मंग मीबी न्हाई मारनार.”

बायको दोघांकडं बघत होती. मी तिच्यासाठी बोललो, पण बघितलं मेहुणीकडं. “ऐक. फोन न्हाई आला तर वायर तुटली समजायचं. तुझ्या बहिणीला काय झालं, तर ते सांगायला मी सोता येईन. उसातून यावं लागलं तरी, चालत यावं लागलं तरी. मी आलो न्हाई म्हंजे ती बरी हाय.”

मेहुणीनं मान हलवली, पिशवी उचलली आणि बहिणीच्या गालावरून हात फिरवून निघाली. शेजाऱ्यानं तिला मोटारसायकलवर नारायणगावच्या जीपपर्यंत सोडलं.

दिवेलागणीला फोन वाजला. आता मेहुणीच लावते आधी. दिवसभर ज्यांनी तोंड उघडलं नाही त्यांचं बोलणं सुरू झालं. जीपमध्ये कोण भेटलं, मोठ्या पोरीनं भात कसा लावला, लसूण किती झाला. मी ओसरीवर हाताला तेल चोळत बसलो होतो. आतून ऐकू आलं, “हे? हाईत की. हात पार सोलवटलेत खणून खणून, पर सांगत्यात कुठं.” मी तेलाची वाटी पायानं खाटेखाली सरकवली.

मग बायकोनं फोन बाहेर आणून माझ्यापुढं धरला. “तुमाला बोलवतीय.”

“दाजी, आवाज येतोय का माझा?”

“येतोय की. चांगला येतोय.”

“मंग झालं. द्या फोन आक्काला.”